न चिरतां दिसणारा मेंदू

मंचर मागें टाकून नाशिकच्या वाटेनें जुन्नर तालुक्यांत शिरलें आणि नारायणगांवाहून खोडदकडे वळलें, कीं शेतांमधून तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, संख्या ३०, आणि पसारा सुमारें २५ किलोमीटरांचा. एकटी तबकडी आकाशाचें रेखीव चित्र देऊं शकत नाहीं. साऱ्यांनीं टिपलेले संकेत गणितानें जुळविले म्हणजेच तें सिद्ध होतें. या आकाशविद्येचें मेंदूच्या परीक्षेशीं जवळचें नातें आहे.

ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप हे अमेरिकेंतील रोनाल्ड ब्रेसवेल यांचे शिष्य. आकाशाच्या अनेक दिशांच्या पट्ट्यांचें केवळ एकूण तेज ठाऊक असतां प्रत्येक बिंदूचें तेज कसें काढावें, याचें गणित ब्रेसवेल यांनीं १९५६ सालीं मांडलें. क्ष-किरणांपुढेंही हाच प्रश्न असतो. साध्या क्ष-किरणचित्रांत पुढचें व मागचें सारें एकाच छायेंत मिसळतें. दिव्यापुढें धरलेल्या तांब्याची छाया बुडाकडून नुसतें वर्तुळ असते, बाजूनें पोट व गळा दिसतो. तो फिरवून पाहिला तरच घडण कळते. १९७१ सालीं बंगळूरचे जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनीं छायांवरून मूळ वस्तूची घडण काढण्याची सुटसुटीत रीत दिली. त्याच वर्षीं लंडनमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला.

त्या यंत्रास गांठ वा रक्तस्राव दिसे. पेशी दिसत नसे. पेशी व तिच्या भोंवतालचा भाग क्ष-किरण जवळजवळ सारखेच शोषून घेतात, म्हणून छाया उमटत नाहीं. परंतु किरण हे तरंगही आहेत. पेशींतून जातांना ते किंचित् मागेंपुढें होतात, आणि पुढें कांहीं अंतर जाऊं दिले म्हणजे तो फरक पेशीच्या कडांच्या रूपानें उमटतो. या युक्तीनें २०१८ सालीं जर्मनींतील गॉटिंगनच्या शास्त्रज्ञांनीं मानवी लहान मेंदूच्या तुकड्यांतील सुमारें १८ लक्ष मज्जापेशींचीं स्थानें, काप न घेतां, निश्चित केलीं.

सूक्ष्मदर्शकासाठीं मेंदूचे पातळ काप घ्यावे लागतात. ते चुरगळतात, फाटतात. एका कापांतला मज्जातंतु दुसऱ्यांत हरवतो. स्मृतिभ्रंशांत कोणत्या थरांतील किती पेशी गेल्या, हें कळण्यास अखंड तुकडाच पाहिला पाहिजे.

मात्र तपशील जितका सूक्ष्म, तितका किरणांचा मारा अधिक. जिवंत मेंदूस तो सोसणार नाहीं. म्हणून ही परीक्षा मृताच्या मेंदूवरच होते, आणि तो शास्त्राच्या हातीं येतो आप्तांच्या संमतीनें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत अशा मेंदूंचा संग्रह आहे. यंत्र कितीही तीक्ष्ण दृष्टीचें असलें, तरी शोकाच्या घटकेस एखाद्या घरानें दिलेल्या होकारावांचून तें आंधळेंच राहतें.