बोगीबीलचा पूल: नदीची वर्षे आणि तिजोरीची वर्षे

आसामात दिब्रुगढजवळ ब्रह्मपुत्रेवर बोगीबीलचा पूल उभा आहे. लांबी ४.९४ किलोमीटर. खाली रेल्वेचा दुहेरी मार्ग, वर तीन पदरी रस्ता. २२ जानेवारी १९९७ रोजी पंतप्रधान देवेगौडा यांनी कोनशिला बसवली. पूल खुला झाला २५ डिसेंबर २०१८ ला. मध्ये जवळजवळ बावीस वर्षे गेली, आणि त्यांचा दोष सरसकट नदीवर टाकला जातो.

नदी अवघड आहे, यात शंका नाही. पात्र इतके पसरट की पूल बांधण्याआधी दोन्ही काठांनी मार्गदर्शक बांध घालून प्रवाह आवळावा लागला. हा भाग भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातला. १९५० च्या भूकंपाने दिब्रुगढजवळ नदीचा तळच वर उचलला होता. खांबांचा पाया विहिरींचा. काँक्रीटची पोकळ विहीर उभी करायची, आतली वाळू उपसत राहायचे आणि ती स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यायची. पूर येण्याआधी ती पुरेशी खोल गेली नाही, तर पाणी तळाची वाळू धुऊन नेते आणि विहीर कलते. पात्रातल्या कामाला नोव्हेंबर ते मार्च एवढाच हंगाम मिळतो. या अटींवर काम रेटणाऱ्या अभियंत्यांविषयी आणि मजुरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

वरचे काम तर देशात पहिलेच होते. १२५ मीटरचे एकोणचाळीस गाळे, पोलादी गर्डर रिव्हेटऐवजी संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले. ते काठावर जोडायचे आणि खांबांवरून पुढे ढकलत न्यायचे. हे काम जर्मन भागीदारासह ज्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने केले, ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे हे तिचे सुरुवातीचे काम.

पण कोनशिलेनंतर प्रत्यक्ष काम सुरू झाले ते एप्रिल २००२ मध्ये, पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते. ती पाच वर्षे नदीने खाल्ली नाहीत. पुढेही निधी तुटपुंजाच मिळत राहिला. २००७ मध्ये पुलाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा कुठे पैशाची वाट मोकळी झाली. सुरुवातीला सुमारे १,७६७ कोटींचा असलेला अंदाज अखेरीस ५,९०० कोटींच्या घरात गेला.

त्या काळात उत्तर काठावरच्या धेमाजीच्या माणसाला दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचायला फेरीबोटीचाच आधार होता. नदी चढली की फेरी बंद, आणि रोगी अलीकडेच अडकून. या खोळंब्याची नोंद प्रकल्पखर्चात कुठेच होत नाही, म्हणून तो मला सगळ्यात महाग वाटतो.

नदीने मागितलेले हंगाम तिला द्यावेच लागतात. तिजोरीमुळे गेलेली वर्षे मात्र टाळता आली असती. तुमच्या भागात पुढच्या पुलाची कोनशिला बसेल, तेव्हा त्याच दिवशी विचारा: यंदाच्या अर्थसंकल्पात याला किती रुपये ठेवले आहेत?