कोऱ्या पाटीवरची कारवानी
जनुकांचा जमाखर्च : लेखांक ९

पुसेगावहून (ता. सेनगाव, जि. हिंगोली) कॉलेजात शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : मोबाइलवर कुत्र्यांच्या पैदाशीचा ऑनलाइन खेळ खेळतो. स्पर्धा जिंकायच्या नादात एकाच घराण्यातले नर-मादी जोडत गेलो आणि प्रत्येक पिल्लाचा अंतःप्रजननाचा आकडा फुगला. शेवटी सगळी कुत्री काढून टाकली, बाजारातून नवी घेतली आणि वंश पहिल्यापासून उभा करतोय. आपल्या कारवानी कुत्र्यांचंही असं करता येईल का?

येईल. पण खेळात जे बाजारात आयतं मिळतं, तेच इथे सगळ्यात दुर्मिळ आहे : एकमेकांशी नातं नसलेली कुत्री.

खेळातल्या विकतच्या कुत्र्याला आई नाही, बाप नाही. म्हणून त्याचा अंतःप्रजननाचा गुणांक शून्य. गावातल्या कुत्र्याचीही वंशावळ कुठे लिहिलेली नसते, पण म्हणून तिथे शून्य मांडता येत नाही. कागद कोरा आहे, रक्त कोरं नाही. लातूर जिल्ह्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. एक पिल्लू तिथून आणलं, दुसरं सोलापूरकडून, तरी दोघांचा आजा एकच नसेल याची हमी कोण देणार? नावाजलेल्या नराकडे लोक लांबून माद्या घेऊन येतात.

सिवाल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1922 मध्ये हा गुणांक मांडला. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्या असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. सख्ख्या भावाबहिणीच्या पिल्लात ती 25 टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लात 12.5, चुलत किंवा मावस भावंडांच्या पिल्लात 6.25. आकडा वाढला म्हणजे पिल्लू लगेच आजारी पडतं असं नाही. पण जे दोष एकेका प्रतीत दडून बसलेले असतात, त्यांना जोडीदार सापडायची शक्यता वाढते.

दडून बसणं म्हणजे काय, हे कारवानीच्याच भावकीत बघता येतं. कारवानीचं अंग आखूड, गुळगुळीत केसांचं. कान, पाय नि शेपटीवर रेशमासारखी झालर असली की लोक त्याला पश्मी म्हणतात. याच बांध्याच्या पश्चिम आशियातल्या सालुकी जातीतही गुळगुळीत आणि झालरवाले असे दोन प्रकार आहेत आणि तिथे गुळगुळीतपणा प्रभावी, झालर सुप्त. दोन गुळगुळीत सालुकींच्या वेतात एखादं झालरवालं पिल्लू निघालं, तर त्यात मादीचा काही ‘दोष’ नाही. दोन्ही बाजूंनी झालरीचं जनुक आलं एवढंच. अशा दोन वाहकांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक झालरवालं. झालर दिसते, म्हणून कळते. मूत्रपिंडाचा किंवा डोळ्याचा सुप्त दोषही याच वाटेने येतो, फक्त तो कळेपर्यंत त्या नराची पिल्लं पाच गावांत पोचलेली असतात.

आता हिशेबाकडे. समजा, अकरा कुत्री जमवली आणि ती खरोखर बिननात्याची निघाली. दहा माद्या आणि एक जातिवंत नर ठेवला, तर परिणामकारक संख्या, म्हणजे वंशाच्या दृष्टीने खरी धरायची संख्या, किती? नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करा, त्याची चौपट करा, एकूण संख्येने भागा. 40 भागिले 11, म्हणजे साडेतीनच्या थोडं वर. गोठ्यात अकरा तोंडं खातात, पण वंशाच्या दृष्टीने ती चारसुद्धा नाहीत. एवढ्या संख्येत पिढीमागे अंतःप्रजनन जवळपास 14 टक्क्यांनी वाढतं. त्याच अकरांत पाच नर आणि सहा माद्या ठेवल्या, तर संख्या भरते जवळपास अकरा आणि वाढ उतरते साडेचार टक्क्यांच्या आसपास. कुत्री तेवढीच, खर्च तेवढाच. आपल्याकडे मात्र जो तो शर्यत मारणाऱ्या एकाच नरामागे धावतो. खेळात हे महागात पडतं ते फक्त आकड्यांत.

नॉर्वेतल्या लुंडेहुंड जातीने ते खरोखर भोगलं. डिस्टेंपरच्या साथींनी ती इतकी खचली की 1960 च्या दशकात सहाच कुत्री उरली होती आणि त्यांतली पाच एकाच आईची. जात वाचली, पण आतड्यांचा आजार तिला कायमचा चिकटला. अलीकडे तिथे दुसऱ्या नॉर्डिक जातींचं रक्त मुद्दाम आणलं जात आहे.

यावर आपल्याकडचे शौकीन नाक मुरडतील : भेसळ झाली! मग डाल्मेशियनचं उदाहरण घ्या. त्या जातीत युरिक आम्लाचा दोष जवळपास प्रत्येक कुत्र्यात रुजला होता, म्हणजे आतून निवड करून सुटणारा नव्हता. रॉबर्ट शायबल यांनी 1973 मध्ये एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढे दर पिढीला पुन्हा डाल्मेशियनच लावले. पॉइंटरचा वाटा निम्मा, पाव, अष्टमांश असा उतरत गेला. हवं ते एक जनुक तेवढं प्रत्येक पिढीत तपासून राखलं. अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना कायमचं दार उघडलं ते 2011 मध्ये. जनुकांचं काम काही पिढ्यांत उरकलं. माणसं पटायला 38 वर्षं लागली.

आपल्याकडे तर कारवानीच्या नावावरच एकमत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही कुत्री जोपासली आणि 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्रही आहे. पण दोन क्लबांच्या दोन वह्या म्हणजे आधीच थोड्या असलेल्या कुत्र्यांचे दोन तुकडे.

दुसरी अडचण निवडीची. पूर्वी सशामागे जे कुत्रं टिकायचं त्याचीच पिल्लं लोक मागायचे. शिवार स्वतःच परीक्षा घ्यायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. आता निवड होते ती उंची, रंग आणि आत गेलेलं पोट पाहून. (कारवानी पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, याला खायला घालता की नाही?) नव्याने वंश उभारणाऱ्याने आधी ठरवावं, कुत्रं कशासाठी हवंय. हळदीच्या नि हरभऱ्याच्या राखणीला हवं असेल, तर उन्हात टिकणं, पाय धड असणं आणि माणसाळलेला स्वभाव हे गुण उंचीच्या आधी येतात.

तेव्हा पुसेगावच्या मित्राला उत्तर असं : कुत्री आणण्याआधी वही आणा. सेनगाव, हिंगोली, लातूरकडे ज्यांच्याकडे कारवानी किंवा पश्मी आहे, त्यांच्याकडून आई, बाप, वेताची तारीख, किती पिल्लं जगली आणि मेलेली कशाने मेली एवढं लिहून घ्या. दोन-तीन पिढ्यांची नोंद झाली की शून्य कुठे खरं आहे ते दिसेल. मग पाचसहा नर निवडा आणि एकाही नराला तीन-चार वेतांपुढे वापरू नका. पुढच्या लेखांकात लाल कंधारी गाय आणि वळूची निवड.