दुभंगलेली टाळू आणि नवजात अर्भकाचे दुग्धपान : एक विवेचन

प्रस्तावना :
जगात सरासरी सुमारे ७०० जन्मांमागे एक अर्भक दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू अथवा ही दोन्ही व्यंगे घेऊन जन्मास येते. गर्भावस्थेच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ओठ व टाळू यांचे भाग परस्परांशी सांधले जातात. हा सांधा अपुरा राहिला की व्यंग निर्माण होते. ग्रहणकाळात गर्भवतीने भाजी चिरल्यामुळे असे घडते, ही समजूत महाराष्ट्रात अद्यापही आढळते. तीमुळे घराचे सारे लक्ष मातेच्या दोषाकडे वळते आणि बाळाच्या पोटात दूध जाते काय, हा तातडीचा प्रश्न मागे पडतो.

दूध ओढण्याची क्रिया :
अर्भक जीभ व हिरड्यांनी स्तनाग्र दाबते आणि त्याच वेळी तोंडाची पोकळी बंद करून चोषण करते. केवळ ओठ दुभंगलेला असल्यास स्तनाच्या मऊ भागाने फट बुजते व पुष्कळ बालके अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगलेली असल्यास मात्र तोंड व नाक यांची पोकळी एक होते आणि चोषणास आवश्यक दाब निर्माणच होत नाही. बाळ तासभर स्तनाशी राहते, दमून झोपी जाते. पाहणाऱ्यास ते तृप्त वाटते, वस्तुतः ते उपाशी असते. अन्य व्यंग नसल्यास गिळण्याची क्रिया सहसा शाबूत असते. म्हणजेच दूध जिभेवर पोहोचविणे, एवढीच खरी अडचण होय.

बाटली की बोंडले?
‘बाटली नको’ हा आरोग्यशिक्षणातील संदेश अतिसाराच्या धोक्यामुळे योग्यच आहे. तथापि १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने दूधबाटलीच्या जाहिरातीवर व प्रसारावर बंदी घातली, मातेने ती वापरण्यावर नव्हे. अर्थात साधी बाटलीही चोषणावरच चालत असल्याने या बालकांना ती फारशी उपयोगी पडत नाही. इंग्लंडमधील मँडी हेबरमन यांनी स्वतःच्या मुलीच्या अशाच अडचणीतून १९८० च्या दशकात एकदिशा झडपेची बाटली तयार केली. बुचात आलेले दूध झडपेमुळे मागे जात नाही. हिरडीने दाबताच तोंडात येते. दाबता येणारी मऊ बाटलीही चालते, परंतु ती बाळाच्या गिळण्याच्या लयीनेच दाबावी लागते. बुचाचे भोक मोठे करण्याचा घरगुती उपाय मात्र घातक. त्याने दूध श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो.

जेथे अशी साधने मिळत नाहीत, तेथे मराठी घरांतील जुने बोंडले किंवा वाटी-चमचा कामास येतो. मातेचे पिळून काढलेले दूध, बाळाला उभट धरून, थोडे थोडे पाजावे व मधूनमधून ढेकर काढावी. नाकातून थोडे दूध आल्यास घाबरण्याचे कारण नाही, थांबून पुसावे. एका वेळचे पाजणे साधारण अर्ध्या तासात आटोपावे, अन्यथा मिळालेली शक्ती पिण्यातच खर्ची पडते.

वजन व शस्त्रक्रिया :
ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी दहा आठवडे वय, दहा पौंड (सुमारे ४.५ किलो) वजन व दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना संकेत आहे, टाळूची शस्त्रक्रिया सामान्यतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असल्याने शस्त्रक्रियेचा खर्च ही पूर्वीइतकी मोठी अडचण राहिलेली नाही. वजन न भरल्यास मात्र ठरलेली तारीखही पुढे ढकलावी लागते. म्हणून प्रसूतीनंतर घरी पाठविण्यापूर्वीच मातेकडून प्रत्यक्ष पाजवून घेणे आणि पहिले काही आठवडे दर आठवड्यास वजन करणे अगत्याचे आहे.