कडे घातलेला पक्षी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टोपी बाजारातून जाताना, रविवारी मुलांना तिघऱ्याच्या जलाशयावर पाखरे दाखवायला नेणारा गृहस्थ म्हणून मला ओळखणारे कोणी ना कोणी वाटेत गाठते, आणि ज्याच्या पायात कडे तो पक्षी परमुलखाचा हेर, हे मत जणू दरबारचा लेखी दाखला खिशात असल्याच्या थाटात ऐकवते. दहा वेळा मी शांतपणे समजावतो. अकराव्या वेळी मात्र आवाज चढतो.

अहो, कडे हे गुप्त कारस्थान असते, तर त्यावर घालणाऱ्याने आपलाच पत्ता का कोरला असता? १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेनसेन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी अडकवली, तेव्हापासून या विद्येची रीत हीच, की पक्षी सापडेल त्याने मूळ ठिकाणी इत्तला द्यावी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्यांवर तर तशी विनंती उघड कोरलेली असते. तरीही २०२३ च्या मे महिन्यात मुंबईच्या बंदरापाशी पकडलेले कबूतर आठ महिने कैदेत राहिले, आणि अखेर निघाले काय, तर तैवानातले शर्यतीचे, वाट चुकलेले पाखरू!

‘मग काका, पाठीवर यंत्र लावतात ते?’ असे मुले विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. ते यंत्र पक्षी कोठे आहे एवढेच उपग्रहामार्फत कळवते. त्याचा भार पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. नकाशावर टाचण्या टोचून दोरा ताणला, आणि चंबळेच्या वाळवंटात कडे घातलेला पाणचिरा जामनगरच्या किनाऱ्यावर दिसल्याचे सांगितले, म्हणजे मुले हेर विसरून अंतर मोजू लागतात.

पट्टकादंब हंस एव्हरेस्ट ओलांडतो, ही लाडकी कथाही याच यंत्रांनी सैल केली: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमाल उंची ७,२९० मीटर भरली, आणि बहुतेक नोंदी ६,००० मीटरांच्या खालच्या. हिवाळी पाखरे थंडीला भिऊन आपल्याकडे येत नाहीत. गोठलेल्या मुलखात चारा उरत नाही, म्हणून येतात. चातक केवळ पावसाचे थेंब पिऊन जगतो, ही कविकल्पना. तो केसाळ सुरवंटांवर ताव मारतो. आणि प्रवासाची वाट थोरल्यांनीच दाखवावी लागते म्हणाल, तर सातभाईंच्या घरट्यात वाढलेले चातकाचे पिल्लू, पोसणारे सातभाई जागचे हलत नसताना, आपल्या पंखांवर निघते.