युती घट्ट केली की सुरक्षा वाढते? शिरपामाळ ते वसई



जामसरहून जव्हारला गेलात तर शिरपामाळ नक्की बघा. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी शिरपेच देऊन त्यांचं स्वागत केलं, अशी स्थानिक परंपरा आहे. पण जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार जिंकून घेतलं. आठ वर्षांत असं काय झालं?

इथे एक सिद्धांत उपयोगी पडतो. ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलं की युतीतल्या प्रत्येक राज्याला दोन भीती असतात. पहिली, ऐन वेळी मित्र आपल्याला सोडून देईल. दुसरी, मित्र आपल्याला नको त्या लढाईत ओढेल. गंमत अशी की एक भीती कमी करायला गेलात की दुसरी वाढते. युती सैल ठेवली तर मित्र निसटतो, घट्ट केली तर आपणच अडकतो.

आता आपल्याच जिल्ह्यातली वसई घ्या. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळून वसईला आले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. किमान सहा हजारांचं इंग्रजी पायदळ कायम पेशव्यांच्या मदतीला राहणार होतं. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा होता. इतर सत्तांशी बोलणी करायची तर आधी इंग्रजांना विचारायचं.

पहिली भीती संपली. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या मदतीने पुण्यात परतले. पण दुसरी लगेच समोर आली. त्याच वर्षी इंग्रजांचं शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध झालं आणि पेशवे आपल्याच सरदारांच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले. पुढे १८१७ मध्ये त्यांनी सुटायची धडपड केली, खडकीला लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

मग बाजीराव मूर्ख होते का? थांबा. संशोधनात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १८१८ आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. डिसेंबर १८०२ मध्ये त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते? होळकरांशी तडजोड? शिंद्यांची वाट बघणं? प्रत्येक पर्यायाची किंमत त्या दिवशीच्या माहितीवरून काढा. प्रयोगाचं उत्तर आधी बघून निरीक्षणं लिहायची नसतात, तसंच हे.

आता परत जव्हारकडे या. जव्हार हे कल्याणकडून सुरतेला जाणाऱ्या वाटेवरचं राज्य. एक गृहीतक असं मांडता येईल: एका स्वारीपुरती वाट हवी असेल तर मित्र पुरतो, पण ती कायमची हवी झाली की बलवान राज्याला मित्राऐवजी ताबा सोयीचा वाटतो. म्हणजे लहान राज्याला आणखी एक, तिसरी भीती असते, ती म्हणजे मित्रच गिळून टाकेल. हे खरं ठरेल की खोटं, ते पुरावा सांगेल. पण पुरावा वेगवेगळ्या जातीचा आहे हे विसरू नका. वसईच्या तहाची कलमं कागदावर आहेत, शिरपामाळची भेट मुख्यतः लोकस्मृतीत आहे. दोन्ही वापरा, पण एकाच वजनाने नको.

आज दोन देश "संरक्षण सहकार्य वाढवलं" असं जाहीर करतात, तेव्हा बातमी वाचताना तीन प्रश्न वहीत लिहा. फौजेचा खर्च कोण करतो? युद्ध कधी करायचं हे कोण ठरवतं? आणि बाहेर पडायची वाट आहे का? वसईच्या तहाला हेच प्रश्न विचारा. माझ्या मते तिसऱ्याचं उत्तर शोधताना तुम्हाला प्रबंधाचा विषय सापडेल.