बिडी न ओढणाऱ्या बायकांची फुप्फुसं

दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी 1959 साली एका सहकाऱ्यासोबत 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला होता आणि दुखण्याचं मूळ होतं फुप्फुसात. पाश्चात्त्य देशांत हा आजार उतारवयाच्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत मात्र बायकाही पुरुषांच्या बरोबरीने आजारी होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी बिडीला कधी हात लावला नव्हता. पद्मावतींनी बोट दाखवलं ते चुलीच्या धुराकडे.

हा धागा पुन्हा उचलायला वीसेक वर्षं गेली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी छोटी उपकरणं लावली. चूल पेटलेली असताना हवेतल्या कणांचं प्रमाण निघालं घनमीटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅम. आज आपल्याकडे घराबाहेरच्या हवेसाठी पीएम 10 या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा आहे 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. दोन्ही मापं अगदी एकच नव्हेत, कणांच्या आकारात फरक आहे. तो धरूनही अंतर डोळ्यांत भरतंच.

तरी दवाखान्यात धाप लागलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘बिडी-सिगारेट ओढता का?’ बाईच्या वाट्याला बऱ्याचदा तोही येत नाही. खोकल्याची ढास, सकाळी पडणारा कफ, चढावर लागणारा दम या सगळ्यावर ‘आता वय झालं’ म्हणायचं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली हातात द्यायची. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार, हे नाव तिच्या कानावर येईपर्यंत फुप्फुसाचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. डॉ. संदीप साळवी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना त्यांनी आणि लंडनच्या पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असा त्यांचा अंदाज. भारतात या आजाराचे रुग्ण 1990 मध्ये सुमारे 2.8 कोटी होते, 2016 मध्ये 5.5 कोटी झाले. लोकसंख्या वाढली, लोक जास्त जगू लागले, हेही त्यात आलंच. पण जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा 18 टक्के आणि जुनाट श्वसनविकारांच्या ओझ्यात 32 टक्के, याचं उत्तर तेवढ्यावर मिळत नाही.

धुराधुरांतही फरक असतो. सिगारेटच्या सीओपीडीत बऱ्याचदा वायुकोशांच्या भिंतीच नष्ट होतात, छोटे कप्पे मोडून मोठी पोकळी उरते. सरपण आणि गोवऱ्यांच्या धुराने आजारी पडलेल्या बायकांत ही पोकळी कमी दिसते, त्यांचं दुखणं मुख्यतः श्वासनलिकांत असतं. नलिकांच्या भिंती जाड होतात, व्रण धरतात. दुर्बिणीने आत पाहिलं तर अस्तरावर काजळीचे काळे डाग दिसतात. आजाराच्या वर्गीकरणाची जागतिक मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ‘गोल्ड’ या गटाने 2023 च्या अहवालात चूल आणि प्रदूषणातून होणाऱ्या सीओपीडीला स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली. पद्मावतींच्या त्या निबंधाला तेव्हा 64 वर्षं होत होती.

निदानाची चाचणी तशी साधी. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात फुंकायचं. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ म्हणत राहतो. पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण बाहेर पडलेली हवा यांचं गुणोत्तर पाहायचं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही ते 0.70 च्या खाली राहिलं, तर शंकेला आधार मिळतो. जन्मभर फुंकणीने चूल फुंकलेल्या बाईला इथे पहिल्याच सेकंदात कमी पडल्याचं कागदावर दिसतं. ही चाचणी करणारं यंत्र मात्र किती दवाखान्यांत असतं?

उपचारात ‘पंप’ म्हणजे इन्हेलर मुख्य. त्याची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, हा समज अजून घरोघरी आहे. हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीसपट. गोळीतलं ते सगळ्या अंगभर फिरतं, पंपाचं थेट जिथे हवं तिथे. खरी अडचण वेगळीच आहे. सीओपीडीच्या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत भाग घ्यायची अटच असे की माणूस दहा वर्षं रोज एक पाकीट ओढण्याइतकं तरी धूम्रपान केलेला हवा. चुलीपुढे बसलेली बाई या अटीत बसतच नाही. तिला आपण जे औषध देतो त्याचा पुरावा दुसऱ्याच्या फुप्फुसावरून आलेला आहे, आणि मला यात मोठा अन्याय दिसतो.

मग गॅस दिला की प्रश्न सुटला? तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात मिळून सुमारे 3,200 गर्भवतींवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना शेगडी आणि मोफत सिलिंडर दिले. चुलीवरच राहिलेल्यांच्या श्वासात सूक्ष्म कण घनमीटरमागे सुमारे 70 मायक्रोग्रॅम होते, गॅस मिळालेल्यांच्या श्वासात 24. तरी बाळांचं जन्मवजन ठळकपणे वाढलं नाही की पहिल्या वर्षातला गंभीर न्यूमोनिया ठळकपणे घटला नाही. संशोधकांनी हे निष्कर्ष आडवळण न घेता छापले, हे चांगलं झालं. मोठ्यांच्या फुप्फुसांची गोष्ट वेगळी असू शकते. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या खेड्यांत नऊ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा बायोगॅस वापरणाऱ्या आणि स्वयंपाकघरात धूर बाहेर जायची सोय केलेल्या लोकांची फुप्फुसं कमी वेगाने झिजलेली आढळली.

आपल्याकडे 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 58.6 टक्के घरं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर करणारी घरं या आकड्यांत एकाच बाजूला मोजली जातात. पहाटे पेटणारा आंघोळीच्या पाण्याचा बंब तर स्वयंपाकाच्या प्रश्नात येतच नाही.