अर्बुदरोधक जनुके व रक्ताचा कर्करोग : जनुकीय आणि आनुवंशिक यांतील भेद

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत सिकलसेल हा आजार सर्वपरिचित आहे. तो आईवडिलांकडून अपत्याकडे येतो, म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी करावी, असे येथे सातत्याने सांगितले जाते. त्यामुळे 'जनुकीय' म्हणजे 'आनुवंशिक' असा समज होणे स्वाभाविक आहे. ल्युकेमिया अर्थात रक्ताच्या कर्करोगाबाबत मात्र तो बहुतांशी चुकीचा ठरतो आणि त्याची झळ रुग्णाच्या भावंडांच्या सोयरिकींनाही बसू शकते. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट केला आहे.

अर्बुदरोधक जनुकांचे कार्य :
ही जनुके पेशीविभाजनाला लगाम घालतात. १७ व्या गुणसूत्रावरील टीपी५३ हे त्यांतील प्रमुख जनुक होय. डीएनएला इजा झाल्यास त्याचे प्रथिन विभाजन थांबवते. दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मृत्यूकडे नेते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. सामान्यतः दोन्ही निकामी झाल्यावरच लगाम सुटतो, हा 'दोन आघातां'चा सिद्धांत आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये दृष्टिपटलाच्या कर्करोगावरून मांडला.

ल्युकेमियातील बदल :
काही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियांत ९ व्या गुणसूत्रावरील सीडीकेएन२ए हे जनुक गळालेले आढळते. काही जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियांत १७ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेसोबत टीपी५३ नाहीसे होते. अशा रुग्णांत पारंपरिक केमोथेरपी फारशी उपयोगी पडत नाही, लक्ष्यवेधी औषधे अधिक गुणकारी ठरतात. म्हणून उपचारापूर्वीची जनुकीय तपासणी महत्त्वाची होय.

मूलभूत भेद :
सिकलसेलमधील बदल जन्मतःच शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून तो बीजपेशींतून पुढील पिढीत जाऊ शकतो. ल्युकेमियातील बदल बहुधा जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडतो व तिच्याच वंशात राहतो. तो अपत्याकडे जात नाही. ली-फ्राउमेनी लक्षणसमूहासारखे अपवाद आहेत. त्यात सदोष टीपी५३ वारशाने येते. अशा कुटुंबांना जनुकीय समुपदेशन आवश्यक असते.

स्थानिक संदर्भ :
अशक्तपणा, पांडुरता, ताप व प्लीहावृद्धी ही लक्षणे हिवताप, सिकलसेल व ल्युकेमिया या तिन्हींत दिसू शकतात. ताप हटत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर निळसर डाग उमटत असतील, तर रक्तपेशींची मोजणी व रक्तपटलाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी विनाविलंब करावी. पुढील निदान व उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, तसेच मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय उपलब्ध आहे.

निष्कर्ष :
बहुतेक कर्करोग जनुकीय बदलांतून उद्भवतात, परंतु प्रत्येक जनुकीय बदल वारसा नसतो. सिकलसेल शिकवताना प्राध्यापकांनी याच तासात ल्युकेमियाचे उदाहरण घेतल्यास विद्यार्थ्यांमार्फत ही जाण गावोगावी पोहोचेल.